घोडा की घोडी?

अमेरिकेतल्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, गोष्टींमध्ये सूड चुकीच्या माणसावर उगवतो तो निव्वळ कथेच्या सोयीसाठी, हे मत मला पटत नाही. टेक्सासमधलं, मेक्सिकन वंशाच्या ग्रेगोरिओ कोर्तेझचं प्रकरण पाहा.

१२ जून १९०१. घोडाचोराच्या शोधात शेरीफ मॉरिस कोर्तेझच्या घरी आले. दुभाष्याने विचारलं, घोडा बदलून घेतलास का? कोर्तेझ म्हणाला, नाही. खरंच होतं ते, त्याने घेतली होती घोडी! स्पॅनिशमध्ये दोन्हींना वेगळे शब्द आहेत, आपल्यासारखेच. दुभाष्याच्या कानाला तो फरक कळला नाही आणि 'नाही' म्हणजे खोटं बोलणं ठरलं. अटकेच्या झटापटीत शेरीफने कोर्तेझच्या भावाला गोळी घातली, कोर्तेझने शेरीफला. एका शब्दापायी!

पुढचे दहा दिवस शेकडो माणसं त्याच्या मागावर होती. तो हाती लागेना, तेव्हा राग निघाला भलत्यांवरच. ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता असे मेक्सिकन मारले गेले, त्याची बायको-पोरं तुरुंगात डांबली गेली. हे वाचताना माझा जीव आजही तुटतो.

पुढे तो पकडला गेला आणि गोन्झालेसच्या तुरुंगावर सुमारे ३०० जणांचा जमाव त्याला फासावर लटकवायला चालून आला. त्याला वाचवलं तिथल्या शेरीफनेच. एका शेरीफला मारल्याचा आरोप असलेल्या कैद्यासाठी दुसरा शेरीफ आपल्याच लोकांसमोर उभा राहिला! मला तर या सगळ्या प्रकरणातला खरा नायक तोच वाटतो. मॉरिसच्या खुनातून कोर्तेझ सुटला, पण पाठलागादरम्यान मारल्या गेलेल्या आणखी एका शेरीफच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९१३ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. मेक्सिकोच्या सीमेवर त्याचे कॉरिदो, म्हणजे तिकडचे पोवाडेच, पुढेही गायले जात राहिले.