मदत हवी आहे: टीव्ही अँटेनाच्या सिग्नलची स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी कोसळते

ट्रान्समीटर 25 किमीवर, मध्ये अडथळा नाही. गच्चीवर खांबाला यूएचएफ यागी (टीव्हीचा दिशादर्शी अँटेना), लगेच खाली 20 डीबीचा (डेसिबल, सिग्नलची वाढ-घट मोजायचे एकक) मास्ट अँप्लिफायर, म्हणजे खांबावरच सिग्नल वाढवणारा, मग 20 मीटर आरजी-6 केबल आणि चार टीव्हींसाठी स्प्लिटर. केबलमध्ये साधारण 4 आणि स्प्लिटरमध्ये 7 डीबी जातात, म्हणूनच अँप्लिफायर.

अडचण एकाच मल्टिप्लेक्सची (एकाच फ्रिक्वेन्सीवर येणारा चॅनेलांचा गट), तोही 690 मेगाहर्ट्झजवळचा. स्ट्रेंथ 90 टक्क्यांच्या पुढे, तरी चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, संध्याकाळी जास्तच. अँटेनाच्या तोंडासमोरच मोबाइल टॉवर आहे.

एफ-कनेक्टर नवे बसवले, दिशा आणि पोलरायझेशन तपासले. अँप्लिफायर काढून एकाच टीव्हीला थेट जोडले की सगळे स्वच्छ दिसते. पण अँप्लिफायरशिवाय स्प्लिटर लावला की दुसरा, मुळातच कमजोर मल्टिप्लेक्स जातो. अँप्लिफायरनंतर 10 डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावून काडीचा फरक नाही, म्हणजे ट्यूनर नव्हे, अँप्लिफायरच ओव्हरलोड होतोय असे दिसते. अँटेनाचा खांब हलवता येणार नाही, चारही टीव्ही हवेतच.

694 मेगाहर्ट्झच्या वरचे कापणारा एलटीई फिल्टर (4जी मोबाइलचे सिग्नल अडवणारा) अँप्लिफायरच्या आधी लावला, तर काठावरच्या याच चॅनेलचे किती डीबी जातील? की फिल्टर न लावता 10-12 डीबीचा, जास्त इनपुट सोसणारा अँप्लिफायर घ्यावा?