'जुम्मा मुबारक'ला मराठीत काय म्हणायचं?

म्हापशेकर
आमच्या कॉलनीचं मराठी पत्रक मी काढतो, दोन पानं, पगार शून्य, शिव्या भरपूर. खालच्या मजल्यावरच्या भाभींनी शिवणक्लासची जाहिरात दिली, वरती "जुम्मा मुबारक". मी शहाणपणा करून "शुभ शुक्रवार" केलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची आंटी दारात, देवनागरी अडखळत वाचते पण वाचते, "बाबा, अजून कोरेज्म, ईस्टरआधीचे उपास, लागले नाहीत आणि तू गुड फ्रायडे छापतोस? आणि त्या दिवशी कोण शुभेच्छा देतं रे?" भाभी पण नाराज, म्हणे मुबारक कुठं गेलं. आता पुढचा अंक या शुक्रवारचा, जाहिरात परत तीच. काय लिहू सांगा.

पेडणेकर
"शुक्रवार मंगलमय होवो." चांगला मराठी शब्द असताना उसना कशाला.

वाळपयकार
मंगलमय होवो मध्ये बरकत येत नाही बाब. मुबारक म्हणजे ज्यात बरकत घातलीय ते, तुम्ही धंद्याला बरकत म्हणता तीच. आणि मी मुसलमान म्हणून सांगतो, हे "जुम्मा मुबारक" लहानपणी आमच्या घरात कोणी म्हणत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि दर शुक्रवारी सकाळी गुलाबाचं फूल, वर मशिदीचा फोटो, ते सुरू झालं.

दिवाडकर
म्हणजे धर्मात नाही का? मी तर ऑफिसात दर शुक्रवारी म्हणते, वाटलं ईद मुबारकसारखं असेल.

वाळपयकार
वाद आहे. जुम्म्याला काय करावं ते सगळं सांगितलेलं आहे, अंघोळ, धुतलेले कपडे, अत्तर, लवकर निघणं, कुराणातली सूरह (अध्याय) कहफ वाचणं, दरूद म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ जास्त पढणं. शुभेच्छा द्या असं त्यात कुठं नाही. जे म्हणतात चालतं ते इब्न माजाच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, दाखवतात, की हा मुसलमानांसाठी ईदचा दिवस आहे, मग ईदला मुबारक तर याला का नको. दुसरी बाजू म्हणते सहाबा, म्हणजे पैगंबरांचे सोबती, ईदला एकमेकांना "तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम" (अल्लाह आमचं आणि तुमचं कबूल करो) म्हणायचे अशी नोंद आहे, जुम्म्याला तशी नाही, आणि जुम्मा त्यांच्याकडे पण दर आठवड्याला यायचाच की. म्हणून दीनचा, धर्माचा भाग समजून ठरवून म्हटलं तर बिदत, म्हणजे धर्मात मागून घुसवलेली गोष्ट, नुसती दुआ म्हणून तोंडातून गेलं तर हरकत नाही असं मधले लोक म्हणतात. आमच्या घरातच दोन पार्ट्या. आई पन्नास जणांना फूल पाठवते, मोठा भाऊ उत्तरात फक्त "व अलैकुम अस्सलाम" लिहितो, जरी तिनं सलाम लिहिलेला नसला तरी. ती दिवसभर चिडलेली.

डिचोलीकर
शब्दावर या रे. अरबीत जुमुआ, म्हणजे गोळा होण्याचा दिवस, त्याच्या आधी अरब लोक या वाराला अरूबा म्हणत. जमा, जमात, जमाव, जामा मशीद सगळं एकाच धातूचं. आणि शिवकाळातला मुजुमदार, ज्याला नंतर अमात्य केलं, तो पण मजमू म्हणजे एकूण जमा ठेवणारा. आमचे एक मुजुमदार आहेत, उसने शब्द नकोत म्हणून सभेत भाषण करतात, त्यांना आडनावापासून सुरुवात करायला सांगायला हवं.

पेडणेकर
टोमणा कळला. मग "मला जमत नाही" पण अरबी का?

डिचोलीकर
लोक जमले ते जमाच्या वळणाचं वाटतं मला, "मला जमत नाही" ते वेगळं असावं. पण डबल म कुठून आला हे कोणी सांगा. माझा अंदाज, अरबीतलं ऐन हे घशातलं अक्षर आपल्याला उच्चारता येत नाही म्हणून आपण म वर जोर देतो.

म्हापशेकर
मंडळी, अंक.

दिवाडकर
आणखी एक. मराठीत मुबारक म्हटलं की मला आधी "तुझं तुला मुबारक" ऐकू येतं. लखलाभसारखं. भांडण संपवताना म्हणतात ते. जाहिरातीत चालेल का?

वाळपयकार
भाभींना विचारा, त्यांना भांडण ऐकू येत नाही.

शुक्रारचो बाजार
म्हापशात शुक्रवार म्हटलं की बाजार. आमच्या रांगेत एक बांगडीवाले चाचा बसतात, साडेबारा झाले की बांगड्यांवर जुनी हिरवी चादर घालतात, कोपऱ्यांना चार दगड, आणि शेजारच्या मिरचीवाल्या बायला सांगतात बघ गो. ती त्या वेळात एखादा डझन विकून पण टाकते, भाव चाचांपेक्षा जास्त लावते. मला नेहमी प्रश्न, बाजाराच्या दिवशीच नमाज म्हणजे यांचं नुकसानच.

वाळपयकार
हे तर कुराणातच आहे, ६२ वी सूरह, नावच जुमुआ. ९ व्या आयतीत अजान झाली की खरेदी-विक्री सोडा आणि या. १० व्यात नमाज झाली की पांगा आणि अल्लाहची मेहरबानी शोधा, म्हणजे रोजीला लागा. चाचा दोन्ही पाळतात. चादर ९ वी, परत येऊन चादर काढणं १० वी.

दिवाडकर
वा! आणि पोर्तुगीजमध्ये शुक्रवार म्हणजे सेश्ता-फैरा, सहावा. फैरा म्हणजे बाजार पण. आपली फेस्ताची, चर्चच्या सणाची फेरी म्हणजे जत्रेचा बाजार त्यातलीच. म्हणजे म्हापशाला दर शुक्रवारी शब्दशः

डिचोलीकर
थांबा थांबा, वारातला फैरा मूळ लॅटिन फेरिया, सुट्टीचा सणाचा दिवस. बाजार नंतर आला, सणाला लोक जमतात म्हणून.

पेडणेकर
परत जमले.

म्हापशेकर
अरे कोणीतरी एक ओळ द्या, आज गुरुवार आहे, प्रेसवाला सातला बंद करतो. "जुम्मा मुबारक" तसंच ठेवू का खाली मराठीत काही देऊ?

वाळपयकार
तसंच ठेव. आणि आज गुरुवार म्हणू नकोस, सूर्य बुडाला, आमच्या हिशोबात जुम्मा लागला.

डिचोलीकर
मग जुम्मेरात म्हणजे जुम्म्याची रात्र, आणि तरी ती गुरुवारी? हे कधी लक्षातच आलं नव्हतं. बुधवारी रात्री काय म्हणता मग?