‘चित्रकथाकार’ की ‘चित्रकथालेखक’?

विचारणा (सांगली)

माझे एक ज्येष्ठ स्नेही अनेक वर्षे मुंबईत चित्रपटांची आणि दूरचित्रवाणी मालिकांची निर्मिती करून आता गावभागातल्या घरी परतले आहेत आणि कॉमिक्स लिहू लागले आहेत. स्वातंत्र्यलढ्यात सातारा भागात चाललेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने १९४३ साली शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवली, त्या घटनेवर त्यांचे पहिले पुस्तक तयार होत असून चित्रे दुसरे एक चित्रकार काढत आहेत. मलपृष्ठावरच्या परिचयात मी ‘सेवानिवृत्त निर्माते व चित्रकथाकार’ असे लिहिले, तेव्हा त्यांना दोन्ही शब्द खटकले. योग्य शब्द कोणते?

उत्तर

त्यांचे म्हणणे रास्त आहे. ‘सेवानिवृत्त’ हा नोकरीतला शब्द आहे. त्यामागे वयोमर्यादा आणि निवृत्तिवेतन असते, आणि निर्मात्याला यांतले काहीच नसते. नुसते ‘निवृत्त’ लिहावे, तर त्याच्या पाठीशी प्रवृत्ती-निवृत्तीचा जुना अर्थ उभा राहतो आणि माणसाने सगळेच आवरते घेतले असे वाटते. म्हणून कशातून निवृत्त, हे सांगावे. ‘निर्माता’ मात्र जरूर ठेवावा. या शब्दात ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे, आणि प्रत्येक दृश्याचा खर्च आधी मनात मोजणाऱ्या माणसाला तो फार शोभतो. रुळांवर दगड रचून गाडी थांबवण्याचा प्रसंग पडद्यावर आणायचा तर इंजिन, डबे, परवानग्या आणि शेकडो माणसे लागतील. कागदावर तोच प्रसंग एका चौकटीत मावतो आणि दोन माणसांच्या बोलण्याइतकाच स्वस्त पडतो. तेथे मोजायच्या त्या चौकटी आणि पाने.

‘कॉमिक्स’ला माझा विरोध नाही. १९६४ पासूनच्या इंद्रजाल कॉमिक्समुळे तो घरोघरी रुजला, आणि इंग्रजीतले अनेकवचन असूनही आपण ‘एक कॉमिक्स वाचले’ असे सहज म्हणतो. परंतु त्याच्या मुळाशी विनोद आहे, आणि या पुस्तकाचा विषय गंभीर आहे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेने ‘चित्रकथा’ हा शब्द तितकाच ओळखीचा केला आहे. येथे मी तोच पसंत करीन.

अडचण आहे ती ‘कार’ची. नाटककार, कादंबरीकार हे आपली कृती संपूर्णपणे स्वतः घडवतात. चित्रकथेचा निम्मा भार चित्रांवर असतो, त्यामुळे केवळ मजकूर लिहिणाऱ्यास ‘चित्रकथाकार’ म्हटले की चित्रकाराचा वाटा त्याच्या पदरात पडतो. दोन्ही कामे एकच व्यक्ती करत असेल तेथे तो शब्द चपखल बसेल. येथे ‘चित्रकथालेखक’ म्हणावे आणि चित्रकाराचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. ‘चित्रकथी’ सुचवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत पोथीतली चित्रे दाखवत, गाऊन कथा सांगणाऱ्यांचे ते नाव असून ती परंपरा आजही जिवंत आहे; परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पुन्हा विचारणा

हस्तलिखितावर ते ‘पटकथा’ असे लिहितात. चालेल का? आणि चौकटीच्या वरच्या पट्टीत जे निवेदन येते, त्याला काय म्हणावे?

उत्तर

‘पट’ म्हणजे चित्रपट; तो येथे नाही. ‘संहिता’ म्हणावे. पात्रांच्या बोलण्याला ‘फुगा’ हा रूढ शब्द उत्तम आहे, तो बदलू नये. पट्टीसाठी ‘निवेदन’ चालेल, पण सांगलीकर म्हणून मला ‘सूत्रधार’ सुचतो. सांगलीचे नाटककार विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून, म्हणजे १८४३ पासून, त्यांच्या नाटकांत कथा पुढे नेणारी पदे सूत्रधार गात असे आणि त्या आधारावर पात्रे आपले बोलणे ऐनवेळी रचत. चित्रकथेतली वरची पट्टी नेमके तेच काम करते. संहितेत समासात ‘सूत्रधार’ आणि ‘फुगा’ असे दोनच शब्द लिहिले, तरी अक्षरे घालणाऱ्यास कोणता मजकूर कोठे जाईल ते कळेल.

परिचयाचे वाक्य मी असे करीन: ‘चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांच्या निर्मितीतून निवृत्त झाल्यावर सांगलीत चित्रकथालेखन करतात.’