शब्दचर्चा: ‘फ्री विल’, मनात येणं आणि मनावर घेणं

भाषांतरकार

मेंदूविज्ञानावरच्या एका व्याख्यानाचं मराठी करते आहे. विषय आहे बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग. माणसाला एका घड्याळासमोर बसवायचं. त्यात ठिपका गोल फिरतो. वाटेल तेव्हा मनगट हलवा म्हणायचं. फक्त हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते लक्षात ठेवायचं. डोक्याला तारा लावून मेंदूतले विद्युत बदल टिपायचे. त्यातून निघालं असं की ‘हलवावंसं वाटलं’ हा क्षण हालचालीच्या साधारण ०.२ सेकंद आधी येतो, पण मेंदूतली तयारी त्याच्याही आधी, हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद अगोदर सुरू झालेली असते. मग ठरवलं कुणी, यावर तेव्हापासून वाद चालू आहे.

माझी अडचण ‘फ्री विल’ या शब्दाची आहे. ‘इच्छास्वातंत्र्य’ हा पुस्तकी पर्याय सगळीकडे सापडतो. पण ‘माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही’ असं लिहिलं की कुणीतरी बंदी घातली आहे असं वाटतं. ‘स्वेच्छा’ म्हटलं की पुढे निवृत्तीच येते. शिवाय मूळ व्याख्यानात हलवावंसं वाटणं, ठरवणं आणि हेतू यांना तीन वेगळे शब्द आहेत. तिन्हीकडे ‘इच्छा’ घातली तर वाद कशावरून आहे तेच वाचकाला कळणार नाही. काय करावं?

जुनी पोथी

ताई, हा प्रश्न मराठीत शंभर वर्षांपूर्वी नीट मांडला गेला आहे, आणि तुमच्याच अडचणीपाशी येऊन. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली छापलेलं ‘गीतारहस्य’ काढा. दहाव्या प्रकरणाचं नाव ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. नावात ‘इच्छा’ नाही, हे मुद्दाम बघा. टिळकांचं म्हणणं असं की मन, बुद्धी, इच्छा हे सगळे प्रकृतीचे विकार, म्हणजे कार्यकारणाच्या साखळीतलेच. स्वातंत्र्य असलं तर ते आत्म्याचं, इच्छेचं नव्हे. तुम्ही आत्मा माना किंवा मानू नका, ‘इच्छा स्वतंत्र नाही’ या वाक्याने त्या माणसाला धक्का बसला नसता. तो म्हणाला असता, ते तर आम्ही धरूनच चालतो, पुढे बोला.

त्याच प्रकरणात ‘प्रारब्ध’ शब्दाची फार चांगली चिकित्सा आहे. आज आपण प्रारब्ध म्हणतो ते ‘लिहून ठेवलेलं, न टळणारं’ अशा अर्थाने. पण शब्दाचं रूप बघा: प्र + आरब्ध, म्हणजे आरंभ झालेलं. वेदान्तसूत्रांत (४.१.१५) भेद दोनच आहेत, फळ द्यायला लागलेलं कर्म आणि अजून न लागलेलं कर्म. सुरू झालेलं थांबत नाही हे समजावताना शंकराचार्य कुंभाराच्या चाकाचा दाखला देतात: हात काढला तरी मिळालेला वेग संपेपर्यंत चाक फिरतं. यात ललाट नाही, लेखणी नाही, कुणाचा हुकूम नाही. आहे तो गतीचा हिशेब. ‘संचित, प्रारब्ध, क्रियमाण’ (साठलेलं, सुरू झालेलं आणि आत्ता करत असलेलं कर्म) ही तिहेरी वाटणी कीर्तनातून आपल्या कानावर असते, पण टिळक तिसरा भेद मानायला तयार नाहीत. आत्ता आपण जे करतो आहोत तेसुद्धा पूर्वी सुरू झालेल्याचाच परिणाम असताना ‘क्रियमाण’ हा वेगळा कप्पा कशाला, असं त्यांचं विचारणं. लिबेटच्या घड्याळाशी हे ताडून बघा. मेंदूतली तयारी आधीच सुरू झालेली असणं म्हणजे अक्षरशः प्र-आरब्ध.

बोलीभाषा

पोथीतलं बरोबर असेल, पण रोजच्या बोलण्याकडे आधी वळू या. भाषांतरकारांना हवे असलेले तिन्ही शब्द तिथे तयार आहेत.

‘मनात आलं.’ ‘मनात आणलं.’ ‘मनावर घेतलं.’

पहिल्यात कर्ता नाही. मनात येतं ते येतं. पाऊस येतो तसं. ‘मनात आलं आणि उठून गेलो’ यावर कुणी ‘का आलं?’ विचारत नाही. दुसऱ्यात कर्ता आला: ‘त्याने मनात आणलं तर दोन दिवसांत काम होईल.’ तिसऱ्यात कर्ता तर आहेच, शिवाय जबाबदारी आहे आणि काळही आहे. ‘तिने अभ्यास मनावर घेतला’ हे अर्ध्या सेकंदात होत नाही. महिनाभर पहाटे उठल्यावर शेजारचे म्हणतात, पोरीने मनावर घेतलंय.

आता प्रयोगाकडे बघा. वाटेल तेव्हा मनगट हलवा, का हलवायचं याला काही कारण नको. म्हणजे प्रयोगात मोजलं गेलं ते शुद्ध ‘मनात येणं’. त्यावरून माणूस काही ‘मनावर घेऊ’ शकत नाही असा निष्कर्ष काढायचा, ही उडी मोठी आहे. मराठीत ते वाक्य मांडलं की उडी लगेच दिसते. एकाच शब्दात दोन्ही कोंबले की झाकली जाते.

आणखी एक. आपल्याकडे शक्य क्रियापद म्हणून शाळेत शिकवतात ते: ‘मला चालवतं’, ‘आजीला आता बसवत नाही’. याच साच्यात ‘मला राहवलं नाही’ बसतं. ‘मी राहिलो नाही’ आणि ‘मला राहवलं नाही’ यांत अख्खं नीतिशास्त्र आहे. दुसऱ्यात बोलणारा कर्त्याच्या जागेवरून खाली उतरतो, मी ऐवजी ‘मला’ होतो. म्हणतो, रोखायचं बळ माझ्यापाशी नव्हतं. गंमत म्हणजे हे आपण दोन्हीकडे वापरतो. बुडणाऱ्या पोराला बघून राहवलं नाही म्हणून उडी मारली, हेही. आणि राहवलं नाही म्हणून चार शब्द जास्त बोललो, हेही. पहिल्यात कौतुक कमी होत नाही, दुसऱ्यात मात्र आपण सूट मागतो. ऐकणारा ती दरवेळी देतोच असं नाही. ‘राहवलं नाही म्हणजे काय? राहायला हवं होतं!’ हे आईचं उत्तर सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

व्याकरणवेडा

फक्त एक भर. पाणिनीची कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४) अशी आहे. आणि लगेच पुढच्या सूत्रात, त्या कर्त्याला कामाला लावणारा तोही कर्ताच, त्याला वर ‘हेतू’ असंही नाव. म्हणजे करणारा आणि करवणारा, दोघेही खात्यावर. तत्त्वज्ञानातलं स्वातंत्र्य सिद्ध होवो न होवो, क्रियापद आलं की वाक्यापुरतं कुणालातरी स्वतंत्र धरावंच लागतं.

बोलीभाषा

यावरून ‘बोलविता धनी’ आठवला. तुकोबांच्या अभंगात साळुंकी गोड बोलते पण ‘शिकविता धणी वेगळाची’; मी पामर काय बोलणार, विश्वंभराने बोलवलं. ही शरणागती आहे, श्रेय नाकारणं आहे. आज वर्तमानपत्रात ‘बोलविता धनी कोण?’ असा मथळा आला की तो आरोप असतो: हा पुढारी स्वतःचं बोलत नाही, पडद्यामागे कुणीतरी आहे. रचना तीच, करणारा एक नि करवणारा वेगळा. पण करवणारा देव होता तेव्हा ते भूषण होतं; माणूस झाला तेव्हा ते लाजिरवाणं ठरलं. कल्पना कशी बदलते ते मला इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. शब्द जागेवर राहतो, मधल्या काळात लोकांची श्रद्धा कशावर आहे ते बदलतं.

दस्तलेखक

मी निबंधक कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहितो. आमच्याकडे तुमचा ‘फ्री विल’ रोज कागदावर येतो. जुन्या दस्तांतली भाषा अशी: ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाखाली न येता, कोणत्याही नशापाण्याच्या अंमलाखाली नसताना लिहून दिले असे.’ प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे. राजीखुशी म्हणजे मनाची तयारी. अक्कलहुशारी म्हणजे काय करतोय ते कळतं आहे. बाकी दोन म्हणजे बाहेरचा हात नाही आणि आतला अंमल नाही. तत्त्वज्ञ याहून निराळं काय मागतात?

पण एक दस्त लिहिताना हा शब्द मला जड जातो. हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्यातल्या १९९४ च्या महाराष्ट्राच्या आणि नंतर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा मिळाला. बहीण येते, सोबत भाऊ, कधी भावजय. ‘स्वखुशीने हक्क सोडत आहे’ हे मी वाचून दाखवतो. दाब आहे का? कुणी हात पिरगळलेला नाही. माहेर तुटू नये, दिवाळीला दार उघडं राहावं, ‘वाटा मागितला’ असं गावाने म्हणू नये, एवढंच. ती खुशीने सही करते. खरंच खुशीने करणाऱ्याही आहेत, भावाची ओढग्रस्त बघून. दोघींच्या दस्तात शब्द एकच पडतो. मला विचाराल तर माणसाचं स्वातंत्र्य मेंदूतल्या अर्ध्या सेकंदात शोधण्यापेक्षा इथे शोधावं. ‘नाही’ म्हटलं असतं तर तिला काय भोगावं लागलं असतं, त्यावर ते मोजावं.

भाषांतरकार

दस्तलेखक, तुम्ही ‘वाटा’ म्हणालात आणि मला एक विचारावंसं वाटलं. ‘तिच्या वाट्याला हे आलं’ असं आपण नशिबाबद्दलही म्हणतो. हा योगायोग आहे का?

जुनी पोथी

योगायोग नव्हे. ‘भाग्य’ हा ‘भाग’पासून, म्हणजे हिस्सा. ‘नशीब’ अरबीतून फारसीमार्गे आला, त्याचाही मूळ अर्थ हिस्साच. आणि आपला ‘वाटा’ तर उघडच. तिन्ही शब्द सांगतात की वाटप झालेलं आहे. वाटप म्हटलं की वाटणारा आला, आणि वाटणारा आला की ‘न्यायाने वाटलं का?’ हे विचारता येतं. ‘नियती’मध्ये ते विचारायची सोय नाही, कारण तिचा अर्थ बांधून टाकलेला क्रम. हा शब्द जुना आहे. श्वेताश्वतर उपनिषदात जगाचं कारण काय, या प्रश्नाच्या संभाव्य उत्तरांची यादी आहे: काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा, भूतं... तिथे नियती हा एक उमेदवार आहे, तोही शंकास्पद. बुद्ध-महावीरांच्या काळातल्या मक्खली गोसालाने आणि त्याच्या आजीवक पंथाने मात्र तिलाच सर्वस्व मानलं: प्रयत्नाने काही घडत नाही, सगळं ठरल्यासारखं उलगडतं. बौद्धांनी आणि जैनांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि विरोधाचं मुख्य कारण नैतिक होतं. प्रयत्न खोटा ठरला तर पापपुण्य कुणाचं?

आज हीच नियती बातमीत येते. ‘नियतीने घाला घातला.’ दुभाजक तुटलेला, दिवे बंद, ट्रक रात्रभर उभा. त्याच अपघाताच्या पोलिसी फिर्यादीत लिहिलेलं असतं: ‘हयगयीने व भरधाव वेगात वाहन चालवून.’ हयगय शब्दात माणूस आहे. मी संपादक असतो तर अपघाताच्या बातमीत नियती येऊ दिली नसती.

‘कर्म’ शब्दाचं तर दोन्ही टोकांना येणं-जाणं आहे. ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ यात दैव बाहेरचं, कर्म म्हणजे तुझी करणी, दोष तुझा. ‘कर्म माझं!’ म्हणून कपाळावर हात मारला की कर्म म्हणजे नशीब. दोष कुणाचाच नाही. ‘कर्मधर्मसंयोगाने’ म्हटलं की निव्वळ योगायोग. करणीचं नाव असलेला शब्द अकरणीचं नाव कसा झाला, हे विचारायलाच हवं. डॉ. आंबेडकरांनी बुद्धाच्या धम्मावरच्या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तेच विचारलं. मागच्या जन्मीच्या कर्माने आजची दैना आली, या सिद्धान्ताचा उपयोग कुणाला? त्यांचं उत्तर स्पष्ट आहे: गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, यापलीकडे त्याचा हेतू दिसत नाही. बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन लिहील म्हणून. ‘दारिद्र्य पाचवीला पुजलेलं’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. मला त्यात सगळ्यांत खुपते ती गोष्ट ही, की सकाळी कागद कोराच असतो आणि तरी आपण तो वाचतो.

व्याकरणवेडा

शेवटच्या मुद्द्यावर मतभेद. ‘आलिया भोगासी असावे सादर’ म्हणणाऱ्या बाईला त्या शब्दांनी उभं ठेवलेलं मी घरात पाहिलं आहे. नशीब म्हणणं ही दरवेळी पळवाट नसते. झालेल्याशी भांडण संपवून उद्याचं काम हाती घेण्याची ती वाट असते. तुकोबांनीच ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ म्हटलं आहे, आणि त्यांना या दोन वाक्यांत भांडण दिसलेलं नाही.

जुनी पोथी

मान्य. झालेल्याला प्रारब्ध म्हणावं. दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्याला म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

भाषांतरकार

सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षकात ‘कर्तृस्वातंत्र्य’ घेते आहे. पाणिनीचा आधार मिळाल्यामुळे धीर आला. मजकुरात ‘मनात येणं’, ‘ठरवणं’ आणि ‘मनावर घेणं’ असे तीन पदर ठेवले. लिबेटचं स्वतःचं मत असं होतं की हलवावंसं वाटल्यानंतर उरलेल्या त्या क्षणभरात माणूस ती हालचाल रोखू शकतो. ते वाक्य असं केलं आहे: ‘हात हलवण्याचं त्याच्या मनात आलं, पण तो क्षण हाती असतानाच त्याला हात थांबवता आला.’ चालेल?

बोलीभाषा

‘त्याला थांबवता आला’ नको. तिथे तो पुन्हा ‘त्याला’ झाला. ‘त्याने हात आवरला’ लिहा.