गावाच्या बियाणे बँकेतील भेसळ, साठवण आणि परतफेड यांबद्दल मार्गदर्शन हवे आहे

हिरडी

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या गावात महिला बचत गटाने बियाणे बँक चालवायला घेतली आहे; पेरणीला बी द्यायचे आणि पीक आले की ते बियाण्याच्याच रूपात परत घ्यायचे, अशी तिची रीत. भाताचे काळभात, रायभोग आणि जिरवेल हे वाण, नाचणी, वरई, खुरासणी, वाल-घेवड्याचे काही प्रकार आणि परसातले दुधी, दोडका, काकडी असा संग्रह आतापर्यंत जमला आहे. गावातील बहुतेक घरे आजही खाण्यापुरते धान्य स्वतः पिकवतात. बियाणे मात्र जून तोंडावर आला की तालुक्याच्या दुकानातून विकत आणले जाते आणि त्यातले संकरित असेल ते पुढच्या वर्षासाठी घरी राखून उपयोगाचे नसते. आमच्या उताराच्या जमिनीला आणि इथल्या पावसाला सरावलेले बी गावातच टिकावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

अडचण अशी की गेल्या हंगामात परत आलेल्या रायभोगात कुसळाच्या लोंब्यांचे दाणे मिसळलेले निघाले आणि वालाला भुंगेरा लागला. परतफेड दुप्पट असावी असे गटाने ठरवले होते, परंतु ज्यांचे भात परतीच्या पावसात आडवे झाले त्यांच्या दारात जाऊन दुप्पट मागणे आम्हाला जड जाते. शिवाय उरलेले बियाणे आठवडे बाजारात विकले तर ते कायद्याला धरून होईल का, याविषयी गावात दोन मते आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

खळं

ताई, आधी भेसळीबद्दल लिहितो, कारण बँकेवरचा विश्वास त्याच्यावर उभा असतो. भात हे स्वपरागी पीक आहे, म्हणजे फुलाला त्याचाच पराग लागतो. शेजारच्या वाणाशी त्याचा संकर होण्याचे प्रमाण सहसा एक टक्क्याच्याही आत असते आणि बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये तीन मीटर अंतर पुरेसे मानतात. म्हणजे एकाच हंगामात तुमच्या डोळ्यांत भरण्याइतकी भेसळ झाली असेल, तर ती फुलोऱ्यात झालेली नाही. ती राबात (रोपे वाढवण्याच्या वाफ्यात), खळ्यावर, मळणी यंत्रात किंवा पोत्यात झालेली आहे. आदल्या वर्षी ज्या जागी दुसऱ्या वाणाचा राब होता तिथे सांडलेले दाणे उगवतात आणि रोपांसोबत आवणीत (लावणीत) जातात. भाड्याने फिरणाऱ्या मळणी यंत्रात मागच्या शेतकऱ्याचे मूठ-दोन मूठ भात हमखास अडकलेले असते. म्हणून बियाण्याचे भात यंत्रात घालूच नये. तेवढ्या पेंढ्या वेगळ्या ठेवून, सारवलेल्या स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर हाताने झोडून घ्याव्यात, आणि पोती वापरण्यापूर्वी उलटी करून शिवणीतले दाणेसुद्धा झटकून काढावेत.

याहून महत्त्वाचे काम उभ्या पिकात करायचे असते. भात निसवू लागले, म्हणजे लोंब्या बाहेर पडू लागल्या, की बियाण्याच्या तुकड्यातून सावकाश चालत जावे आणि जे रोप उंचीने, पानाच्या रंगाने, कुसळाने किंवा निसवण्याच्या दिवसाने वेगळे दिसेल ते मुळासकट उपटून टाकावे. कापणीच्या आठ दिवस आधी हीच फेरी पुन्हा मारावी. अनेक ठिकाणी पीक डोळ्यांना भरले की 'सगळेच बियाण्याला ठेवू' असे ठरते. माझे स्पष्ट मत आहे की पूर्ण शेताऐवजी मधला लहानसा तुकडा निवडून त्याच्यावरच मेहनत घ्यावी, कारण बँकेला क्विंटल नको असतात, खात्रीचे बी हवे असते. तुमच्याकडे सध्या असलेल्या मिश्र रायभोगातूनही मार्ग निघतो. त्या पोत्यातले भात पेरा, त्यातल्या अस्सल रायभोगाच्या निवडक लोंब्या हाताने खुडून घ्या, आणि पुढच्या वर्षी प्रत्येक लोंबीची वेगळी ओळ लावा. ज्या ओळीत एकही वेगळे रोप दिसणार नाही, तिचेच बी पुढे चालवा. दोन हंगामांत वाण मूळ पदावर येतो.

नाचणीलाही हेच लागू आहे. वेलवर्गीय भाज्यांचे गणित मात्र सर्वस्वी निराळे आहे, कारण त्यांचे परागीभवन मधमाश्या आणि पतंग करतात. काकडीवर्गीय पिकांच्या प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये पाचशे मीटर अंतर सांगितलेले असते, आणि वाडीत घराला घर लागून असताना ते शक्य नसते.

कणगी

मी शेजारच्या अकोले तालुक्यातला आहे. आमच्याकडच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. ग्रामविकासाचे काम करणाऱ्या बायफ संस्थेच्या साथीने या भागात जे काम उभे राहिले, त्यात दिलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत घेण्याची पद्धत रूढ झाली. ती रास्त आहे, कारण एक वाटा बँकेचा साठा भरून काढतो आणि दुसरा वाटा नव्या घराला देता येतो. परंतु भाताला किंवा नाचणीला दुप्पट देणे म्हणजे चांगल्या वर्षी काहीच ओझे नसते, आणि वाईट वर्षी तेच कर्जासारखे वाटू लागते. आपल्याकडे धान्याच्या उधारीत सवाई आणि दिढीच्या, म्हणजे घेतल्याच्या सव्वापट-दीडपट फेडण्याच्या, आठवणी फार कडू आहेत. बियाणे बँकेला त्यांचा वास लागता कामा नये. आमच्या गटाने यावर असा तोडगा काढला की पीक गेल्यास परतफेड पुढच्या हंगामावर ढकलायची, वाढ मात्र लावायची नाही. ज्याच्याकडे तेही शक्य नाही त्याने बियाण्याच्या तुकड्यातील निवडणीच्या दिवशी हातभार लावायचा.

मापापेक्षा प्रत जास्त पाहावी. परत आलेल्या प्रत्येक पिशवीतील शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि गोणपाट वाळू देऊ नका. भाताला अंतिम मोजणीसाठी चौदा दिवस द्यावेत. प्रमाणित बियाण्यासाठी भाताची किमान उगवण ऐंशी टक्के आणि नाचणीची पंचाहत्तर टक्के धरतात, तोच दंडक आपण पाळावा. नुकतेच कापलेले काही वाण काही आठवडे सुप्तावस्थेत राहतात, म्हणजे जिवंत असूनही उगवत नाहीत, म्हणून ही चाचणी दिवाळीनंतर लगेच न करता पेरणीच्या महिनाभर आधी केलेली बरी. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून भात त्यात सोडावे, तरंगणारे दाणे काढून टाकावेत आणि तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे.

वालाला लागणारा भुंगेरा कोठीत शिरण्याआधी शेतातच आलेला असतो, कारण त्याची मादी वाळत्या शेंगांवर अंडी घालते. म्हणून शेंगा वेलावर फार काळ राहू देऊ नयेत. दाणे इतके वाळवावेत की दाताखाली कटकन फुटले पाहिजेत, बोथट दबता कामा नयेत. मग गोवऱ्यांची चाळलेली कोरडी राख दाण्यांत अशी मिसळावी की दोन दाण्यांमधली पोकळी भरून जाईल, आणि वरून पुन्हा राखेचा थर देऊन भांड्याचे तोंड बंद करावे. राखेमुळे भुंगेऱ्याला हालचाल करता येत नाही. पावसाळ्यात हे भांडे उघडू नये. बाहेरची दमट हवा आत गेली की वाळवण्याचे सगळे श्रम वाया जातात.

सातबारा

कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा केंद्रीय कायदा २००१ सालचा आहे. त्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकऱ्याला आपले उत्पादन, त्यातील बियाण्यासह, साठवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. बंधन एवढेच की या कायद्याखाली संरक्षण मिळालेल्या वाणाचे बियाणे त्याच्या नावाचे वेष्टन किंवा लेबल लावून विकता येत नाही. त्यामुळे गटातील महिलेने स्वतःच्या शेतातले रायभोग बाजारात पाटीत ठेवून विकले तर त्यात गैर काही नाही. मात्र गटाच्या किंवा शेतकरी कंपनीच्या नावाने पाकिटे छापून बियाण्याचा व्यापार सुरू केला, तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखालील परवान्याचा प्रश्न येतो. त्या वाटेने जायचे असेल तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांशी बोलून घ्यावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. याच कायद्याखाली शेतकरी किंवा गाव आपल्या पारंपरिक वाणाची नोंदणी करू शकते आणि शेतकऱ्यांना त्यासाठी शुल्क माफ आहे. नोंदणी होईपर्यंत निदान गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हे वाण लिहून घ्यावेत. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ही नोंदवही तिच्याच देखरेखीखाली तयार होते. अनेक गावांत ती वही एखाद्या बाहेरच्या माणसाने घाईने भरलेली असते आणि तिच्यात भाताच्या रकान्यात नुसते 'भात' लिहिलेले आढळते. वाणाचे नाव, दाण्याचा रंग, कुसळ आहे की नाही, किती दिवसांत तयार होते, कोणत्या खाचरात येते आणि कोणत्या घराकडून मिळाले, हे सगळे तुमच्या गटाच्या वयस्कर बायकांकडून वदवून घेऊन लिहावे. कोणत्या नाचणीची भाकरी मऊ राहते आणि कोणती आंबिलीला चांगली, हेही त्यात आले पाहिजे, कारण ज्या वाणाला घरात खाणारे कोणी उरत नाही तो वाण पेरायलाही कोणी तयार होत नाही.

हिरडी

सर्वांचे मनापासून आभार. निवडक लोंब्यांच्या ओळी लावण्यासाठी एका घराने पाण्याजवळचे खाचर द्यायचे कबूल केले आहे आणि परतफेडीत वाईट वर्षाची सवलत लिहून ठेवण्याचा विषय या महिन्याच्या बैठकीत घेत आहोत. खळं यांना एकच विचारायचे आहे: पाचशे मीटर अंतर ठेवणे आमच्या वाडीत अशक्य आहे, तर मग दुधीचे बी राखायचेच नाही का?

खळं

राखायचे, पण हाताने परागीभवन करून. दुधीचे फूल सायंकाळी उमलते. त्या दिवशी उमलणार अशा नर आणि मादी कळ्या दुपारीच ओळखून त्यांची टोके दोऱ्याने हलकेच बांधून ठेवा; मादी कळीच्या मागे इवलासा दुधी असतो, त्यामुळे ती ओळखायला सोपी जाते. दिवस मावळताना दोरा सोडा, नर फुलाच्या पाकळ्या मागे सारून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी फिरवा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. देठाला रंगीत चिंधी बांधून ठेवा, म्हणजे ते फळ कोणी भाजीला तोडणार नाही. एकाच वेलावर भागवू नका, एकाच वाणाच्या चार-पाच वेलांचा पराग आलटून पालटून वापरा. फळ वेलावरच वाळू द्या आणि हलवल्यावर आत बी खुळखुळू लागले की मगच उतरवा.