जुनी स्पोर्टी गाडी रोजच्या वापराले चालते का नाही? घरचे म्हणतात माहं डोकं फिरलं

पालिओ_दारव्हा
राम राम मंडळी. काल पोळ्याच्या जेवणात साळ्यानं सगळ्यायसमोर माही इज्जत काढली म्हून इथं लिहून रायलो. माह्याकडं २००३ ची फियाटची पालिओ हाय, १.६ लिटर इंजिनवाली. सचिन तेंडुलकर जाहिरात करे तीच, पण त्यातली साधी १.२ नाही, १०० घोडेवाली. दारव्ह्याजवळच्या गावातून याच गाडीनं रोज यवतमाळले कामाले जातो, जाऊन-येऊन ८० किलोमीटर, अकरा वर्ष झाले. मे महिन्यात ४५ डिग्रीत बी जातो अन् झडीत बी. घरापासून डांबरी रोडपर्यंत अर्धा किलोमीटर पांदण हाय, तिथं काळी माती फुगली का कोणतीच गाडी निघत नाही, मग पावसाळाभर गाडी मारोतीच्या देवळाजवळ अन् मी गमबूट घालून पायदळ.

तर साळा म्हणे, भाऊजी, म्हाताऱ्या बैलाले पोळ्याले सजवा, झूल टाका, शिंगं रंगवा, पण जुपता काहाले? बायको हसली. पोट्टे त बेजा हसले.

माहं म्हणणं असं का बैल दावणीले बांधून ठेवला तरच लवकर बसते. गाडीचं बी तेच. उभ्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्क गंजतात, सील वाळतात, टायर एकाच जागी चपटे होतात, बॅटरी उतरते. आमच्या गावात एकानं हौसेनं जुनी गाडी घेतली अन् शेडात ताडपत्रीखाली ठेवली, सहा महिन्यानं बोनट उघडलं त आत उंदरानं सोयाबीनच्या शेंगा नेऊन घर मांडलेलं, वायरिंग सगळं कुरतडलं. माही रोज चालते म्हून तिचं काय दुखते ते मले त्याच दिवशी समजते, आवाजावरूनच. अन् खरं सांगू का, दिवसभर टेबलावर फायली सरकवून आल्यावर ते ४० किलोमीटर माहे असतात. तिसऱ्या गेअरात दाबली का अजून बी मान मागं जाते. नवीन एसयूव्हीत बसून पायलं, सोफ्यावर बसल्यावानी वाटते, रस्ता कुठं हाय हातालेच समजत नाही.

तुमी काय म्हणता? चूक असन त तसं सांगा, पण बैलाचा दाखला नका देऊ आता.

खारपाणपट्टा
भाऊ, साळा बरोबर बोलला. मी दर्यापूरकडचा. माह्याकडं जुनी होंडा सिटी व्हीटेक होती, १.५ वाली, १०६ घोडे, अन् गाडी म्हून एक नंबर, इंजिनचे फेरे वर गेले का आवाजच बदलते तिचा, ज्यानं ऐकला त्याले माहीत. घरात तेवढी एकच गाडी होती. आता ऐका.

चार वर्षाआधी मे महिन्यात रात्री दीडले बापाच्या छातीत दुखाले लागलं. घामाघूम. काढली गाडी, अकोल्याकडं निघालो, अन् वीस किलोमीटरवर इंजिनच्या गरमीचा काटा लालमंधी. उतरून पायलं त वाफ. कारण कोणाचं नाही, माहंच. आमचं बोअरचं पाणी खारं, दोन उन्हाळे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवते ते) जागी तेच पाणी टाकत गेलो, आतून रेडिएटर क्षारानं बुजून गेला होता. नवीन गाडीले थोडंफार चाललं असतं, वीस वर्षाच्या रेडिएटरनं हात वर केले. बापाले रोडच्या बाजूले मांडीवर घेऊन बसलो पंचवीस मिनिट, मंग एक टमाट्याची पिकअप थांबली, त्यात कॅरेटावर बसवून नेलं. वाचले. पण ते पंचवीस मिनिट मी इसरत नाही.

शहरात गाडी बंद पडली त रिक्षा हाय. आमच्या गावात शेवटची एसटी साडेसातले जाते. म्हून ज्या घरात एकच गाडी, त्या घरात ती छंदाची नको. विकली मी ती. दुःख झालं, पण विकली.

शंकासूर
मूळचा वणीचा, सध्या पुण्यात. आधी एक बारीक मुद्दा, पालिओ काय किंवा सिटी काय, या स्पोर्ट्स कार नाहीत राव. दमदार हॅचबॅक आणि सेडान आहेत. आपल्या देशात दोन सीटची उघड्या टपाची खरी स्पोर्ट्स कार म्हणायची तर सॅन स्टॉर्म, फायबरची बॉडी आणि इंजिन रेनोचं १.२. दिसायला रंभा आणि ताकद साधारण ६० घोडे, म्हणजे तुमच्या पालिओनं तिला मागं टाकलं असतं तो भाग वेगळा 😄

परदेशात लोक जुनी स्पोर्ट्स कार रोज वापरतात त्याचं कारण पण बघा. माझदाची एमएक्स-५, १९८९ ला आली, टनाच्या आत वजन, साधं इंजिन, मागच्या चाकांवर चालणारी. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली तिची. पुढच्या वर्षी कंपनीनं स्वतःच जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची योजना काढली आणि बंद झालेले पार्ट परत बनवायला घेतले. तिथल्या माणसाला पस्तीस वर्षं जुन्या गाडीचा पार्ट मिळतो. आपल्याकडं फियाट २०१९ ला गाड्या विकायची बंद झाली आणि तुम्ही वीस वर्षांच्या गाडीवर रोज ऑफिसला जाताय. हौस मान्य, पण तुलना होत नाही.

पालिओ_दारव्हा
शंकासूर, आमच्या पांदणीत फॉर्म्युला वन उतरत नाही म्हून पालिओच आमची स्पोर्ट्स कार, तुमी पुण्यात ठरवा व्याख्या. पार्ट मिळतात हो, नागपूरच्या भंगार मार्केटात जा लागते अन् दिवसभर हिंडा लागते एवढंच. हेडलाइट मले मिळाला हजार रुपयाले.

खारपाणपट्टा भाऊ, तुमचं वाचून काही बोलाले नाही सुचलं. बाप बरे हायेत हे वाचून जीवात जीव आला. पण राग नका मानू, ते पाण्यानं झालं न? गाडीनं नाही.

खारपाणपट्टा
राग नाही. पण हेच त म्हणून रायलो मी, जुनी गाडी तुमची चूक माफ करत नाही. अन् चूक कोणाले होत नाही? हंगामात सोंगणी चालू हाय, मजूर पायजे, मळणीयंत्र पायजे, त्यात कोण कूलंट पायत बसते.

जमाखर्च
भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा.

महिन्याला २४ दिवस, ८० किलोमीटर, म्हणजे १,९२० किलोमीटर. ही गाडी ११ चा ॲव्हरेज देते असं धरलं (बऱ्याच पालिओवाल्यांना तेवढाही मिळत नाही) तर १७५ लिटर. १०५ रुपयांनी १८,३०० च्या आसपास. २० चा ॲव्हरेज देणारी नवी छोटी गाडी घेतली तर १०,१०० च्या आत. म्हणजे जुनी गाडी पेट्रोलमध्येच महिन्याला आठ हजार जास्त खाते.

आता उलट बाजू. ८ लाखाचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता १६,८०० रुपये. म्हणजे पाच वर्षं तरी जुनीच स्वस्त दिसते, अगदी वर्षाला चाळीस हजार दुरुस्तीला काढले तरी. पण सहाव्या वर्षी हप्ता संपतो आणि हातात सहा वर्षांची गाडी असते. तुमच्या हातात मात्र अठ्ठावीस वर्षांची असेल.

शिवाय कागद. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं, त्यावर पर्यावरण कर. २० वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली आहे, आधी ५,००० होती. आणि अशा गाडीला बहुतेक फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे झाडावर गेली तर खर्च तुमचा.

पालिओ_दारव्हा
जमाखर्च साहेब, झाडावर गेली त विम्याचं सोडा, बायकोच माह्यावर क्लेम टाकते 😂 पण हिशोब बरोबर हाय, हे साळ्याले दाखवत नाही मी.

दिग्रसची_सून
भाऊ, बायको हसली एवढंच लिहिलं तुमी, तिचं म्हणणं काय ते विचारलं का? मी सांगते, कारण मी त्याच जागी हाय.

माह्या घरी बी जुनी सिटी हाय, नवऱ्याचा जीव तिच्यात. मी शाळेत शिकवते, आधी मीच रोज नेत होती. पॉवर स्टेअरिंग हाय, क्लच हलका, चालवाले खरंच मजा येते, त्याबद्दल नवऱ्याशी माहं भांडण नाही. भांडण हे हाय का रस्त्यात बंद पडली त तो बोनट उघडून हसत उभा रायते, चार लोक जमतात, कोणी तंबाखू काढते, गप्पा होतात, त्याची ती पिकनिक. माह्यासोबत झालं ते वेगळं. संध्याकाळी साडेसहा, दोन्हीकडं पऱ्हाटी, फोनले रेंज नाही, अन् मी एकटी. मदतीले दोघं थांबले ते चांगले होते. पण थांबेपर्यंत मले काय माहीत चांगले हायेत म्हून?

आता मी स्कूटीनं जाते. तो त्याची सिटी चालवते. ऊन लागते, पण चालू त होते.

खारपाणपट्टा
ताई, हे आमी गडी माणसं धरतच नाही हिशोबात. खरं हाय.

पाना_अठरा_एकोणीस
मी गॅरेजवाला, आर्णी रोडले. दोन्ही बाजूचं वाचलं. मले विचाराल त पन्नास टक्के जुन्या गाड्या वयानं नाही मरत, मालक मारतात. येक सांगतो, टायमिंग बेल्ट कधी बदलला विचारलं का मालक वर आभाळात पायते. तो बेल्ट बाहेरून चांगला दिसते अन् एक दिवस तुटते, मग व्हॉल्व्ह पिस्टनवर, इंजिन खोला. किलोमीटर झाले नसन तरी किती वर्ष झाले ते पाहून बदला.

टायर. नक्षी दिसते म्हून टायर चांगला नसते. टायरच्या बाजूले चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा अन् मागचे दोन वर्ष. सहा वर्षावर गेला त आपल्या इकडच्या उन्हात रबर लाकूड होते. त्या टायरवर काही शहाणे कारंज्याहून समृद्धीवर चढतात अन् १२० नं पळवतात, सिमेंटचा रोड, दुपारचे दोन. त्यायले हात जोडतो.

अन् ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं. २००३ च्या गाडीचे रबरी पाइप, ओ-रिंग त्या पेट्रोलासाठी बनले नाहीत, इथेनॉल त्यायले हळूहळू खाते. पाइप बदला, नव्या पेट्रोलाले चालणारे मिळतात. इथेनॉल हवेतलं पाणी बी ओढते, म्हून उभ्या गाडीच्या टाकीत जास्त घोळ होते. या बाबतीत पालिओ भाऊचं बरोबर, रोज चालवणाऱ्याची टाकी ताजी रायते.

पण येक गोष्ट कोणी बोललं नाही. ड्रायव्हरची एअरबॅगच २०१९ पासून सक्तीची झाली अन् एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाही ते, बी तेव्हाच. त्याच्याआधीच्या बऱ्याच गाड्यात दोन्ही नाही. रात्री कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीले मागं लाइट नसते, रिफ्लेक्टर नसते, ते मी नाही सुधरू शकत गॅरेजात.

शंकासूर
हा मुद्दा जमाखर्चवाल्या दादांच्या तक्त्यात बसत नाही बघा.

नवखा_पुसद
एक विचारू का, माझं बजेट दीड लाख आहे, वय २३, पहिली गाडी. जुनी मित्सुबिशी लान्सर बघून ठेवली आहे पेट्रोलवाली, खूप भारी दिसते, रॅलीत पळायच्या ना या? घेऊ का? रोज कॉलेजला ३० किलोमीटर.

पाना_अठरा_एकोणीस
नको.

पालिओ_दारव्हा
नको रे बाबा. मी सांगून रायलो म्हणजे समज.

खारपाणपट्टा
घ्या! आता पालिओ भाऊच नको म्हणते. धागा संपला 😄

पालिओ_दारव्हा
तसं नाही भाऊ. त्याची पहिली गाडी हाय, त्याले अजून आवाजावरून समजत नाही. मी अकरा वर्षात शिकलो, त्यातले पहिले दोन वर्ष निस्ता टोचन लावून घरी येत होतो, ते इथं नाही लिहिलं. पोट्ट्या, आधी एखादी साधी मारुती घे, तिचा पाना हातात धर, मग पाहू.

बाकी काल रात्री दिग्रसच्या ताईचं वाचलं अन् बायकोले विचारलं. ती म्हणे, मले गाडी आवडते, पण पोरीले शाळेतून आणाले मी ती नेत नाही, तुमाले माहीत नाही का? मले खरंच माहीत नव्हतं. मले वाटे ती हौसेनं बसनं जाते. अकरा वर्ष. आता काय करू, पालिओ त विकत नाही मी, ते होणार नाही. पण तिच्यासाठी एक जुनी वॅगनआर पायतो, दोन-अडीच लाखामंधी, तिच्या नावावर. म्हणजे बैलजोडी झाली, साळ्याले सांगजा.

जमाखर्च
दोन गाड्या, दोन विमे. तक्ता पुन्हा मांडू का?

पालिओ_दारव्हा
नका मांडू साहेब, पाया पडतो.

दिग्रसची_सून
वहिनीले घेऊन जा वॅगनआर पाहाले. रंग तुमी नका ठरवू.

पाना_अठरा_एकोणीस
पालिओ भाऊ, तुमच्या गाडीचा रेडिएटर फॅनचा स्विच कोणता हाय? माह्याकडं एका भंगारातल्या १.६ चा निघालेला पडला हाय, चालू हाय. रविवारी या, बाजार असते, गर्दी रायते, दहाच्या आत या. अन् कूलंट घरून आणू नका, तुमच्या बोअरच्या पाण्याचा मले भरोसा नाही.