बडोद्यात जुनी गाडी घेतलीत? गॅरेजला नेण्याआधी स्वतः उघडून बघा

दांडियाबाजारची

माझं मत आधीच सांगते, ज्यांना खोडायचंय त्यांनी जरूर खोडावं. बडोद्यात वापरलेली गाडी घेणाऱ्याने पहिले काही रविवार पाना आणि डिसमिस हातात घेऊन गाडीपाशी काढायला हवेत. गाडी घेतली, किल्ली गॅरेजमध्ये टाकली, बिल भरलं आणि निश्चिंत झालो, हे आपल्या शहरात चालत नाही.

कारण शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी. तिची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. समा, फतेगंज, अकोटा, वडसर, कितीतरी ठिकाणी गाड्या जागच्या जागी बुडाल्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ चा पाऊस कोणी विसरलेलं नाही. त्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत.

मी २०१७ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक घेतली. विकणारा म्हणाला, पाणी लागलेलं नाही. एका गॅरेजने पैसे घेऊन तपासली आणि ओके दिलं. घरी आणून दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचलली, कारपेटची कड वर केली, तर खालच्या फोममध्ये वाळलेला गाळ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर एरवी आत गुंडाळलेला राहतो त्या भागावर मातकट रेघ. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज. हे बघायला कसलंही इंजिनियरिंग लागत नाही, फक्त बघायची इच्छा लागते. ती पैसे देऊन मिळत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ग्लव्हबॉक्सच्या मागचा एसीचा फिल्टर, बॅटरीची टर्मिनल्स, फ्यूज बॉक्सची सफाई हे सगळं मी घरी केलं. पैसे वाचले, पण मुद्दा तो नाही. आता गाडीच्या कोणत्या आवाजाने घाबरायचं आणि कोणत्या नाही, हे मला कळतं.

मकरपुऱ्यातला मेकॅनिक

ताई, ज्याने न बघता ओके दिलं त्याच्यावर तुमचा राग रास्त आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. एक गॅरेज चुकलं तर दुसरं शोधा. स्वतःच गॅरेज होऊ नका.

माझ्याकडे महिन्याला अशा गाड्या येतात ज्यांचं घरी "फक्त ऑइल बदललं" असतं. ऑइलच्या चेंबरचा नट हाताला सैल वाटला म्हणून जोर लावला, आटे गेले. बऱ्याच गाड्यांत चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असतो, नट लोखंडी. एकदा आटे गेले की चेंबर तरी बदला नाहीतर नवे आटे पाडा. स्पार्क प्लगचंही तेच. इंजिनचं हेड, म्हणजे प्लग बसतो तो वरचा भाग, गरम असताना प्लग खोलायला घेतात, किंवा सुरुवातच पान्याने करतात. पहिले आटे बोटांनीच बसले पाहिजेत, हे हाताला कळायला वर्षं जातात.

आणि पाण्यात गेलेल्या गाडीबद्दल तर मी हात जोडून सांगतो. फ्यूज बॉक्स साफ केलात, छान केलंत. पण पाणी तारेच्या आवरणाच्या आत शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं होत जातं. वरची पिन चकचकीत दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी भर रस्त्यात बंद पडते. ती तार मीटर (वीज मोजायचा मल्टिमीटर) लावून इकडून तिकडे तपासावी लागते. तुमच्या रविवारांत ते बसणार नाही.

रावपुऱ्यातले आजोबा

मी मुलीच्या बाजूने. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते कशासाठी? पोरांनी नुसतं पुस्तक वाचू नये, हाताने घडवायला शिकावं, म्हणून. त्याच शहरात आज लोकांना बॉनेटचा खटका शोधायला यूट्यूब लागतं, याचं मला वाईट वाटतं.

मेकॅनिक भाऊ म्हणतात हाताला कळायला वर्षं जातात. खरं आहे. पण सुरुवात केल्याशिवाय ती वर्षं मोजायला लागणार कधी? चुकण्याचा धोका आहे, तर धोक्याच्या जागा सांगा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण सगळी बॉडीच निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडून शॉर्ट होतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते. एवढं शाळेतल्या मुलालाही शिकवता येईल.

सोसायटीचा सेक्रेटरी, मांजलपूर

दोन्ही बाजू वाचल्या. माझी तक्रार वेगळी आहे. पार्किंगमध्ये काम करता, ऑइल सांडता, फरशीवर डाग पडतात, मग स्कूटरवाले घसरतात. जुनं ऑइल गटारात ओततानाही मी लोकांना पाहिलं आहे. ते शेवटी नदीतच जातं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तर आणखी वाईट. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, रस्त्यावरची कुत्री चाटतात. हे सांभाळता येत नसेल तर कृपा करून गॅरेजला जा.

दांडियाबाजारची

सेक्रेटरी साहेबांचं शंभर टक्के बरोबर. खाली जुनी ताडपत्री, त्यावर परात. निघालेलं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून बूच लावायचं आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यायचं. माझं तरी असंच जातं.

मेकॅनिक दादा, तारेच्या आतला गंज मला दिसणार नाही, मान्य. पण गाडीत पाणी गेलं होतं हेच जर मी शोधलं नसतं, तर तुम्ही मीटर लावला असतात का? समोर आलेल्या गिऱ्हाईकाने सांगितलं "सर्व्हिस करून द्या", तर कुठलं गॅरेज कारपेट उचलतं? मी तुमची जागा घेत नाहीये. तुमच्याकडे येईन तेव्हा काय विचारायचं हे मला माहीत असावं, एवढंच म्हणतेय.

ब्रेकवाला, अलकापुरी

मी वाहनांच्या ब्रेकच्या भागांवर काम करतो, म्हणून एकाच विषयावर बोलेन. या धाग्याचं शीर्षक वाचून एखादा नवखा उद्या ब्रेक उघडेल, याची मला खरंच भीती वाटते.

डिस्क पॅड बदलणं दिसायला सोपं आहे. दोन बोल्ट, कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) वर, जुने पॅड बाहेर, नवे आत. पण पिस्टन मागे दाबला की वरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल चढतं आणि रंगावर सांडतं, रंग जातो. काम झाल्यावर पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट करून घेतलं नाही, तर पहिल्या वळणावर पेडल थेट तळाला जातं. आणि कोणी ब्रेकची नळी सोडली की लाइनमध्ये हवा शिरते. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ती हवा आतल्या युनिटमध्ये अडकली तर ती काढायला कित्येकदा स्कॅनरच लागतो, नुसत्या पेडल मारण्याने निघत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. ओल वाढली की त्याचा उकळबिंदू खाली येतो. पावागडच्या घाटातून उतरताना सतत ब्रेक दाबलात आणि ते उकळलं, की पेडल स्पंजासारखं होतं. म्हणून जुनी गाडी घेतली की ब्रेक ऑइल बदलाच, पण जाणत्याकडून. तुमचं ऑइल फिल्टर चुकलं तर नुकसान तुमचं. ब्रेक चुकला तर समोरून सायकलवर येणाऱ्या मुलाचं. त्या मुलाला विचारलंय का कोणी?

पहिलीच गाडी

मला दोन्ही पक्ष अतिशयोक्त वाटतात. आठवड्यातले सहा दिवस नोकरी, सातव्या दिवशी घर. मला गाडीखाली झोपायचं नाहीये आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. मी ओळखीच्या चांगल्या गॅरेजला पूर्ण तपासणीचे पैसे दिले, समोर उभा राहून सगळं बघितलं. झालं की काम. प्रत्येकाने सगळं शिकलंच पाहिजे हा आग्रह कशाला?

उलट मला वाटतं पान्याआधी कागद बघा. आरसी नावावर झाली का, त्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३० भरले का. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचं संरक्षण पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. दर पावसाळ्याला पाणी भरणाऱ्या शहरात हे विसरून फिल्टर बदलत बसणं मला पटत नाही.

दांडियाबाजारची

कागदांबद्दल आभार, ते खरंच आधी हवं होतं. आणि "समोर उभा राहून सगळं बघितलं" म्हणता, तर तुम्ही अर्धे माझ्याच बाजूचे आहात. बघणं हीच माझी मागणी आहे.

ब्रेकबद्दल मी वाद घालत नाही. मी ब्रेक उघडलेले नाहीत, उघडणारही नाही. पॅड किती उरलेत ते चाकाच्या जाळीतून टॉर्च मारून बघते आणि टायरवरचा चार आकडी कोड वाचते. पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर आणि मागचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे निघाले, तेही गॅरेजने सांगितलं नव्हतं.

सीएनजीवाली, कारेलीबाग

बडोद्यात अर्ध्या लोकांचा प्रश्न सीएनजीचा असतो, आणि त्यावर अजून कोणी बोललंच नाही! जुनी गाडी किटसकट घेतली असेल तर दोन गोष्टी. किट आरसीवर चढलेलं आहे का, आणि सिलिंडरवरची हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची, तारीख. ती टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. गॅसच्या नळीला, रेग्युलेटरला, सिलिंडरच्या व्हॉल्व्हला घरी पाना लावायचा नाही. या बाबतीत मी मेकॅनिक दादांच्याही पुढे आहे: साध्या गॅरेजनेही लावू नये, सीएनजीवाल्यानेच लावावा.

बाकी फिल्टर, वायपर, बल्ब मी स्वतः बदलते. माझ्या सासूबाईंनाही कूलंटची पातळी बघता येते. फक्त इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या कुकरवरून लगेच ओळखलं.

मकरपुऱ्यातला मेकॅनिक

आजोबा, तुमचा मुद्दा मनाला लागला. माझ्या वडिलांनी मला अकराव्या वर्षी पाना दिला, तेव्हा त्यांनीही धोक्याच्या जागाच आधी सांगितल्या होत्या. तर मीही सांगतो.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालायचा नाही. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. खाली जायचंच तर सपाट जमीन, जॅक स्टँड, हँडब्रेक, गिअर आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. हे नसेल तर ऑइलचं काम घरी करू नका, मग कितीही हौस असो.

कारपेट बघायला सीट काढू नका. ताईंनी पट्टी उचलली तेच बरोबर. सीटच्या खाली किंवा आसपास पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा असतो. त्याला क्लीनर मारायचा नाही, खोलायचा नाही, मीटर तर लावायचाच नाही.

बेल्टचं अंदाजाने नको. जुन्या ८०० सीसीच्या आल्टोला टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) आहे, मारुतीच्याच के-सिरीजच्या इंजिनांना चेन. बेल्टची गाडी असेल आणि तो कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललेला नाही असंच धरा आणि आधी ते काम करून घ्या. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

तरीही माझं मत बदललेलं नाही. पाण्यातली गाडी घरी दुरुस्त होत नाही, घरी फक्त ओळखता येते. ओळखा, फोटो काढा, आणि मग आमच्याकडे आणा. एक विनंती: हल्ली लोक ब्लूटूथचा स्कॅनर घेतात, इंजिनचा दिवा लागला की बिघाडाचा कोड वाचतात आणि पुसून टाकतात. वाचा, लिहून ठेवा, पण पुसू नका. कोड पुसला की दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, ही नोंदही जाते. पी ०३०१ असा नुसता आकडा सांगितलात तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे एवढंच मला कळतं. प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) की गंजलेली तार, हे शोधायला ती नोंद लागते.

दांडियाबाजारची

नाही पुसणार. माझ्याकडे पी ०३०१ च आहे, तोही ओल्या सकाळीच येतो, दुपारी नाही. प्लग मी तपासले, कोरडे आणि ठीक आहेत. कॉइलचा कनेक्टर उघडून फोटो काढलाय, एका पिनेवर हिरवं दिसतंय. शनिवारी सकाळी गाडी थंड असतानाच तुमच्याकडे आणते. मीटर लावाल तेव्हा मला शेजारी उभं राहू द्या.